लेकीच्या बेटावर रेंज नाही

ऑर्वेन बेटाची वस्ती जेमतेम आठशे आणि बेटावरच्या टेलिफोन कंपनीचे ग्राहक चार कोटी. यात घोटाळा काही नव्हता, पण मैथिली सुट्टीला वेंगुर्ल्याला गेली की प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत तिला हे कोडं उलगडून सांगावं लागे. अटलांटिक महासागरातला एवढासा खडक, नकाशात शोधायला भिंग हवं, आणि तिथून अर्ध्या जगाला सिमकार्डं जातात? काहीतरी काळंबेरं असणारच, असा भाव विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असे.

मग मैथिली जिलबी बाजूला ठेवून सांगायला बसे. आपल्या गावच्या सिमकार्डाला एकच कंपनी ठाऊक असते. त्या कंपनीचा मनोरा डोंगराआड गेला की संपलं. शेजारी दुसऱ्या कंपनीचा मनोरा छाती काढून उभा असला तरी तो आपल्याला हिंग लावून विचारत नाही. परदेशी कार्ड आलं की मात्र सगळेच मनोरे "या, बसा" म्हणतात, कारण पाहुण्याचा खर्च त्याच्या घरची कंपनी देते. म्हणजे आपल्याच गावात पाहुणा होऊन राहिलं तर रेंज अधिक! मग अशी पाहुणी कार्डं काढायची कोणी? मोठ्या देशातली मोठी कंपनी काढत नाही. तिचे कोट्यवधी घरचे ग्राहक पुरा दर भरत असतात. स्वस्तातली पाहुणी कार्डं बाजारात आणली तर उद्या तेच ग्राहक ती खिशात घालून घरी बसतील. बेटाला घरचं गिऱ्हाईकच नाही, तर बुडणार काय? शिवाय राज्यकारभार वेगळा असला की एवढ्याशा बेटालाही देशाचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नंबरांच्या पंगतीत खंडाएवढा देश आणि ऑर्वेन मांडीला मांडी लावून बसतात. आणि करार करताना जगभरच्या कंपन्या त्याला सवलतीचे दर देतात, कारण हा चिमुरडा आपला धंदा काय खाणार, असं प्रत्येकीला वाटतं.

सगळ्या कारभाराचं मूळ म्हणजे बेटाच्या धक्क्याजवळ, मासे खारवायच्या जुन्या गोदामात ठेवलेलं एक यंत्र. मैथिली त्याला "पाटील" म्हणायची. जगात कुठेही ऑर्वेनचं कार्ड एखाद्या मनोऱ्याच्या दारात उभं राहिलं की तो मनोरा पाटलाला विचारी, "हा कोण?" पाटील कार्डाची गुप्त खूण तपासून उत्तर देई, "आमच्याच गावचा. येऊ द्या." मग दार उघडे. टोकियोपासून तोरणमाळपर्यंत हे चाले आणि पाटलाची देखभाल मैथिली करी.

तिनं सगळ्यात अभिमानानं दिलेलं कार्ड तिच्या वडिलांच्या छातीत होतं.

रघुवीर तुळसकर, म्हणजे अप्पा, वेंगुर्ल्याच्या एस.टी. डेपोत कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यावर त्यांचं हृदय लहरी गाडीसारखं वागू लागलं तेव्हा पुण्याच्या डॉक्टर किंजवडेकरांनी गळ्याच्या हाडाखाली "सोबती" बसवला. जुनी यंत्रं हृदयाला एकाच ठेक्यात हाकायची. सोबतीची गोष्ट निराळी. तो ठोके, श्वास, रक्तातला प्राणवायू, चालण्याचा वेग हे सगळं पुण्याच्या केंद्राला कळवी. तिथं त्या एकाच माणसाच्या हृदयाची हुबेहूब गणिती प्रतिकृती चालू असे. पुढची काही मिनिटं आधी त्या प्रतिकृतीवर पारखायची आणि खऱ्या हृदयाला ठेका सांगायचा, असा तो उद्योग. त्यामुळे चौऱ्याहत्तराव्या वर्षी अप्पा बाजाराची पिशवी घेऊन चढ चढत आणि वाटेत थांबत ते फक्त गप्पा मारायला.

संपर्क तुटला तर सोबती "सबुरी"वर जाई. म्हणजे संथ, एकसुरी ठेका. जीव राही, पण जोम जाई. कोकणातल्या दऱ्याखोऱ्यांत संपर्क तुटायला कितीसा वेळ लागतो? म्हणून मैथिलीनं हट्टानं अप्पांच्या सोबतीत ऑर्वेनचं कार्ड घालायला लावलं. जगात कुठेही गेलात तरी तुटणार नाही, असं तिनं त्यांना छातीठोक सांगितलं होतं.

लग्न होऊन ती बेटावर आली त्याला चार वर्षं झाली, पण अप्पा तिच्याकडे एकदाही आले नव्हते. "लेकीच्या घराक बापाशीन दोन दिस जावचा, गोड बोलाचा आनी परत येवचा," हे त्यांचं शास्त्र, आणि दोन दिवसांसाठी एवढा समुद्र कोण ओलांडणार? आई गेल्यावर ते एकटेच राहिले, तरी शास्त्र काही सोडलं नाही. पण मैथिलीला आठवा महिना लागला, प्रवास बंद झाला, आणि अप्पांपुढे दुसरंच शास्त्र उभं राहिलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेरानं लेकीकडे जायचं, असा तोडगा त्यांनी स्वतःच काढला आणि डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, वेखंड असं सगळं बांधून घेऊन निघाले.

बोटीतून उतरले तेव्हा स्वारी खुशीत होती. जावई ऑलिव्हर त्याच बोटीवर इंजिनिअर. त्यानं दोन्ही पिशव्या उचलल्या. धक्क्यापासून घरापर्यंत चढाची गल्ली. अप्पा दहा पावलं चालले आणि शेवंडी पकडायच्या पिंजऱ्यावर मटकन बसले.

"काय गो, ह्यो चढ वाढलो की माझा वय?"

मैथिलीनं सोबतीची खबर दाखवणारी त्यांच्या मनगटावरची पट्टी पाहिली. तिच्यावर पिवळी अक्षरं होती: सबुरी. तिला आधी खरंच वाटेना. धक्क्यावर तर मुख्य भूमीवरच्या मोठ्या कंपनीचा मनोरा धडधडीत उभा होता. सगळं बेट त्याच मनोऱ्यावर बोलायचं, ती स्वतःसुद्धा. आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

हा मनोरा अप्पांच्या कार्डाला पाहुणा म्हणून घेणार नव्हता, कारण कार्ड ऑर्वेनचं आणि जागाही ऑर्वेन. स्वतःच्याच मुलखात कोणी पाहुणा नसतो, असं प्रत्येक करारात लिहिलेलं असतं. मग घरचं म्हणून कोण घेणार? ऑर्वेन टेलिफोनचा स्वतःचा मनोराच नव्हता. जगभर पाय पसरलेल्या कंपनीला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. यालाच दिव्याखाली अंधार म्हणतात. आजवर एखाद्या प्रवाशाचा फोन इथं बंद पडला तर तो धुक्याला दोष देऊन परत जाई, आणि बेटाचं पर्यटन खातं तर "इथं शांतता मिळते" अशी जाहिरातच करी. छातीत कार्ड घेऊन मात्र अजून कोणी आलं नव्हतं.

"माका काय जाला नाय," अप्पा म्हणाले. "जरा दम लागलो. बसान उठतंय."

त्यांना उठवायला ऑलिव्हरला हात द्यावा लागला.

*

संध्याकाळी ऑलिव्हरच्या फोनवर डॉक्टर किंजवडेकर दिसले. त्यांनी अप्पांना जीभ दाखवायला लावली, घोटे दाबून पाहायला लावले आणि मैथिलीला म्हणाले, "आज धोका नाही. पण सबुरी ही प्रवासापुरती सोय आहे, राहण्यापुरती नाही. दोन-तीन दिवस ठीक, पुढे पायांना सूज, मग छातीत पाणी. पुढच्या बोटीनं त्यांना परत पाठवा."

"दुसरं कार्ड नाही घालता येणार?"

"शिवलंय ते आत, पुन्हा टाके घालावे लागतील. आणि वायफायवर सोबती कोणाचं ऐकतच नाही, मुद्दामच तसा केलाय. उद्या कोणीही उठून लोकांच्या हृदयात हात घालील."

पुढची बोट शनिवारी होती.

अप्पांनी हे सारं निवांत ऐकून घेतलं. जणू त्यांना हवं तेच झालं. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, दुसऱ्यांदा भात वाढताना "पुरे, पुरे" म्हणत होते, खिडकी उघडायची तरी आधी विचारत होते. म्हणाले, "पयल्या दिवशी पावणो, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी रवता तेची अक्कल जाय. शनिवारी जातंय. लाडू तेवडे खा."

मैथिली ताटं उचलायला लागली. सगळ्या जगात हा माणूस धडधाकट राहू शकतो, फक्त आपल्या घरात नाही. आणि त्याचं कारण आपणच हौसेनं त्याच्या छातीत घातलंय, या विचारानं तिचं रडू कोसळायच्या बेतात होतं.

*

कंपनीचे मालक मिस्टर हॅमन हे गुबगुबीत, आनंदी गृहस्थ. मैथिलीनं त्यांच्यासमोर जहाजांसाठी बनवलेला, डब्याएवढा मनोरा आणून ठेवला. गोदामात असे पडूनच होते.

"हा माझ्या छपरावर लावते. आपला पहिला घरचा मनोरा. एका ग्राहकासाठी."

हॅमन दचकले. "एक म्हणजे सुरुवात झाली, मैथिली! घरचा एकसुद्धा ग्राहक झाला की कायद्यानं मी घरची कंपनी झालो. मग आगीचा बंब बोलवायचा नंबर मी चालवायचा, वादळात मनोरा पडला तर मी उभा करायचा, तक्रार घेऊन म्हातारी बाई दारात आली तर तिला खुर्ची मी द्यायची. आपलं सगळं सुख कशात आहे? आपल्या घरी कोणी येत नाही यात!"

"सर, आपला पाटील जगभर कुणाही परक्याला सांगतो, हा आमच्या गावचा. त्या भरवशावर चार कोटी माणसं फिरतात. त्यातला एक खरोखरच गावात आला, तर आपण दार लावून घ्यायचं? मग त्या 'आमच्या'ला अर्थ काय राहिला?"

हॅमननी टक्कल खाजवलं. ती त्यांची हरल्याची खूण होती.

"बरं. पण मनोरा लावता येतो तो घरच्या ग्राहकासाठीच, आणि कायदा घरचा ग्राहक म्हणतो तो इथं राहणाऱ्याला. सहलीला आलेल्याला नाही. तुझ्या वडिलांना धक्क्यावर दोन बेटकरांसमोर मोठ्यानं म्हणावं लागेल, मी इथं राहतो. आमच्याकडे कागदापेक्षा जिभेवर विश्वास. आणि खोटं बोलले तर मला चालणार नाही."

तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

*

"हय रवतंय म्हणान चार माणसांत सांगू?" अप्पा भडकले. "लेकीच्या घराक बापूस रवता? लोक काय म्हणतीत?"

"अप्पा, इथं लोक आठशे. त्यातला एकही वेंगुर्ल्याचा नाही."

"एक आसा मा. मी! तो बघता मा!"

"मग जा!" मैथिली ओरडली आणि तिचा बांध फुटला. "जा तिकडे त्या रिकाम्या घरात आणि रहा यजमान म्हणून. आई गेली तेव्हाच माझं माहेर अर्धं गेलं. उरलेलं अर्धं माझ्या दारात येऊन खुर्चीच्या कडेवर बसतं आणि विचारतं, खिडकी उघडू का? मला नको तुमचं शास्त्र. मला तुम्ही हवे आहात. बाळ झाल्यावर घरात माझं म्हणून एक माणूस हवंय."

ऑलिव्हरला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण अर्थ पुरता कळला. तो हळूच भांडी पुसत राहिला. अप्पा उठले आणि भिंतीला धरत झोपायच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर आले ते डेपोत गाडी का सुटली नाही याचा जाब विचारणाऱ्या कंट्रोलरच्या थाटात.

"मैथिली, पयला बाळंतपण खंय जाता?"

"माहेरी," ती डोळे चोळत म्हणाली.

"तुझा खंय जातला?"

"इथंच. दुसरीकडे कुठे?"

"म्हणजे जंय बाळंतपण, ता माहेर. आनी माहेर कोणाचा? बापाशीचा. मगे ह्या घर सध्या कोणाचा?"

मैथिलीच्या लक्षात आलं आणि ती खुदकन हसली. रात्रभर जागून बापानं शास्त्राला शास्त्रानंच उत्तर शोधलं होतं. तिनं ऑलिव्हरला इंग्रजीत सगळं समजावलं. तो गोंधळला. "मग मी कोण?"

अप्पांनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "तुमी जावय. माहेराक जावय म्हणजे पावणो. बसा थंय. कशाक हात लावू नकात."

ऑलिव्हर आयुष्यात प्रथमच स्वतःच्या घरात पाहुणा झाला आणि त्याला ते फारच आवडलं.

त्याच दुपारी दोन कोळणींसमोर धक्क्यावर उभं राहून अप्पांनी मालवणीत आणि मग मोडक्या इंग्रजीत जाहीर केलं, की ते इथं राहतात. आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता. कोळणींनी टाळ्या वाजवल्या.

*

डबा छपरावर चढला, धक्क्यापर्यंत त्याची रेंज पोचली, पण पाटील अडून बसला.

डब्यानं विचारलं, "हा कोण?" पाटलानं खूण तपासली, ओळखलं, आणि नेहमीप्रमाणे उलट विचारलं, "कोणत्या देशात पाहुणा आहे?" हे ठरल्याशिवाय तो पुढे सरकेना. मैथिलीनं "ऑर्वेन" असं सांगून पाहिलं. पाटलानं ते फेटाळलं, आपल्या मुलखात पाहुणा कसा असेल? जागा कोरी ठेवली, तर तो उत्तराची वाट पाहत बसला. ज्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी हा पाटील घडवला त्यांनी जगातल्या एकूण एक देशाची सोय केली होती. कोणी घरी आलं तर काय करायचं, हे लिहायचंच राहून गेलं होतं, कारण घरी कोणी येईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

शुक्रवार त्यात गेला. शनिवारी अप्पांचे घोटे सुजले होते. डॉक्टरांनी फोनवरून बजावलं, आज बोट चुकवायची नाही. ऑलिव्हरनं अप्पांना सामानाच्या हातगाडीवर बसवून धक्क्यावर आणलं. सोबत पिशवी दिली. अप्पा हसत होते, पण ओठ निळसर दिसत होते, आणि मैथिलीला ते पाहवत नव्हतं. ती गोदामात जाऊन पाटलासमोर बसली. मागे हॅमन येरझारा घालत होते.

देश कोणता, या प्रश्नाला ती इतका वेळ उत्तर शोधत होती. आता तिला वाटलं, चूक उत्तरात नाहीच. चूक प्रश्नात आहे. आपलं माणूस दारात आलं तर आपण आवाज ओळखतो, कडी काढतो. कुठून आलास, कुठे उतरलास, असं विचारत नाही. तिनं पाटलाला नवं वळण लिहून दिलं: हाक घरच्या मनोऱ्यावरून आली, तर खूण तपासायची आणि पुढचं काहीही विचारायचं नाही.

"हे चालू करायला पाटलाला क्षणभर झोपवावं लागेल," ती म्हणाली. "तेवढा वेळ नवी हाक आली तर जगात कुठेच उत्तर मिळणार नाही."

"चार कोटी माणसं!" हॅमन कळवळले.

"जी जोडलेली आहेत ती जोडलेलीच राहतील. दारात उभी असतील त्यांना घटकाभर ताटकळावं लागेल."

बाहेर बोटीचा भोंगा झाला. हॅमननी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. मैथिलीनं कळ दाबली.

पाटील झोपला. पाटील उठला. सायगावपासून सांतियागोपर्यंतच्या हाकांना पुन्हा "आमच्याच गावचा" म्हणू लागला. आणि त्या गर्दीत पडद्यावर एक ओळ उमटली. तिच्यात देशाच्या जागी काहीच नव्हतं.

मैथिली पोट सावरत दारात आली. बोट अजून सुटली नव्हती. इंजिन आज गरमच होत नाही, असं ऑलिव्हर कप्तानाला अतिशय गंभीर चेहऱ्यानं सांगत होता. अप्पा हातगाडीवर बसले होते. मनगटाच्या पट्टीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते फक्त एकदम ताठ बसले, कोणी मागून हाक मारावी तसे. त्यांनी एक खोल श्वास घेतला, मग दुसरा. पुण्यातल्या त्यांच्या गणिती हृदयाला चार दिवसांनी खऱ्या हृदयाचा पत्ता लागला होता.

अप्पा उठले. पिशवी उचलली. बोटीकडे पाठ फिरवली आणि गल्ली चढायला लागले. धक्क्यावरच्या एका हमालानं "थांबा, थांबा" म्हणून हात पुढे केला, तर त्यालाच मागे सारून पुढे निघाले. अर्ध्या चढावर ते थांबले तेव्हा मैथिली ऑलिव्हरला हाक मारायला वळली. पण ते एका कोळणीशी बोलायला थांबले होते.

हॅमन तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, "आता मला आगीच्या बंबाचा नंबर चालवावा लागणार." आणि मोठ्यानं हसले. मैथिलीनं त्यांच्या गुबगुबीत दंडाला धरलं.

ती दमादमानं घरी पोचली तेव्हा अप्पा अंगणात उभे होते. गाल लालसर झाले होते, पण कपाळाला आठी होती. ते पट्टीवर बोट आपटत होते.

"काय झालं अप्पा? तुटलं का?"

"तुटूक नाय. पण माका एक सांग. दोहाक उतरलंय, मेसेज इलो, स्वागत आसा. लंडनाक उतरलंय, स्वागत आसा. बोट धरलंय थंय पण इलो. हय अजून कसो नाय?"

मैथिलीनं पट्टी पाहिली. ठोका उत्तम, संपर्क पक्का. पुण्याची हिरवी खूण. बाकी काही नव्हतं.

"येणार पण नाही," ती म्हणाली. "तो पाहुण्यांना येतो. घरच्यांना कोण स्वागताचा मेसेज पाठवतं?"

अप्पांनी पट्टीवर बाही सारली. मग त्यांनी नाक ओढलं, चपला दाराशी काढल्या आणि न विचारता आत गेले.

"मगे तू बस," आतून आवाज आला. "च्या मी टाकतंय."